रस्ता कोणाचा, पाणी कोणाचे: कॅलिफोर्नियातील रुबिकॉन ट्रेलचे प्रकरण

एप्रिल २००९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅली विभागाच्या जलगुणवत्ता नियंत्रण मंडळाने एल डोराडो काउंटी (जिल्ह्यासारखे स्थानिक प्रशासन) आणि अमेरिकेची संघीय वनसेवा या दोन सरकारी यंत्रणांवर एक आदेश बजावला. पाण्यात जाणारी घाण थांबवा आणि आजवर झालेले नुकसान निस्तरा, असा त्याचा आशय होता. असे आदेश एरवी रासायनिक कारखाने, बंद पडलेल्या खाणी किंवा गळणाऱ्या पेट्रोलच्या टाक्या यांच्या मालकांना मिळतात. या वेळी तो मिळाला होता सिएरा नेवाडा पर्वतातील एका खडकाळ जीपवाटेसाठी, जिचे नाव जगभरच्या फोर-व्हील ड्राइव्ह चालकांना पाठ आहे. ही वाट म्हणजे रुबिकॉन ट्रेल.

डोंगराळ प्रदेशात, डांबरी रस्त्याबाहेर वाहने चालवण्याचा प्रश्न बहुतेक वेळा आवड विरुद्ध निसर्ग अशा ढोबळ भांडणात अडकतो. एका बाजूला वाट उघडी ठेवा म्हणणारे उभे राहतात, दुसऱ्या बाजूला वाट बंद करा म्हणणारे, आणि मधल्या काळात वाट पावसागणिक खचत राहते. रुबिकॉनचे प्रकरण अभ्यासण्याजोगे आहे ते याच कारणासाठी. तेथे वादाचा केंद्रबिंदू वाहनांवरून पाण्यावर सरकला आणि तो सरकल्यानंतरच काम पुढे गेले. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा एका दुहेरी वस्तुस्थितीत आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मिळालेल्या ज्या ‘सार्वजनिक रस्ता’ या दर्जाने ही वाट बंद होण्यापासून वाचवली, त्याच दर्जाने तिच्यावरून वाहणाऱ्या गाळाची जबाबदारीही काउंटीच्या गळ्यात टाकली. हक्क आणि जबाबदारी एकाच कागदातून निघाली, आणि चालकांच्या संघटनांनी हे वेळीच ओळखले.

वाटेची घडण

रुबिकॉनचा मार्ग कॅलिफोर्नियातील जॉर्जटाउन या जुन्या खाणगावाच्या बाजूने डोंगरात शिरतो आणि टाहो सरोवराच्या पश्चिम काठावरील टाहोमा येथे उतरतो. एकूण अंतर सुमारे ३५ किलोमीटर आहे, आणि त्यातील निम्म्याच्या आसपासचा मधला पट्टा खऱ्या अर्थाने ट्रेल आहे: ग्रॅनाइटचे उघडे कातळ, गाडीच्या चाकाएवढे आणि त्याहून मोठे गोटे, अरुंद घळी आणि अधूनमधून पाइन वृक्षांच्या सावलीतली मऊ माती. लून लेक आणि बक आयलंड लेक हे या वाटेलगतचे दोन जलाशय सॅक्रामेंटो परिसराच्या सार्वजनिक वीजसंस्थेच्या जलविद्युत प्रकल्पाचे भाग आहेत. रुबिकॉन नदी पुढे अमेरिकन नदीच्या मधल्या फाट्याला मिळते आणि ते पाणी खाली फॉल्सम धरणात जाते. वाटेच्या दक्षिणेला डेसोलेशन हे १९६९ मध्ये घोषित झालेले संरक्षित रानक्षेत्र आहे, जेथे कोणत्याही मोटारवाहनाला प्रवेश नाही. म्हणजे एका बाजूला मोटार पूर्ण निषिद्ध, दुसऱ्या बाजूला पिण्याच्या आणि विजेच्या पाण्याचे साठे, आणि त्यांच्या मधून ही वाट जाते. एवढ्या अवघड जागी असलेला मार्ग फार काळ कोणाच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते.

ही वाट जीपने निर्माण केलेली नाही. टाहो परिसरातील वॉशो आणि शेजारच्या इतर आदिवासी समाजांची डोंगर ओलांडण्याची ती जुनी पायवाट होती. १८६७ च्या सुमारास हनसकर नावाच्या भावांनी रुबिकॉन नदीकाठच्या खनिजयुक्त पाण्याच्या झऱ्यांजवळ ठाण मांडले आणि ते पाणी बाटल्यांत भरून विकण्यास सुरुवात केली. १८८० च्या दशकात तेथे हॉटेल उभे राहिले, आणि टाहोच्या बाजूने घोड्यांच्या बग्ग्यांतून धक्के खात पाहुणे येऊ लागले. १८८७ मध्ये एल डोराडो काउंटीने जॉर्जटाउन ते टाहो हा मार्ग सार्वजनिक रस्ता म्हणून जाहीर केला. आसपासच्या जंगलाला राष्ट्रीय वनाचा दर्जा मिळण्याच्याही आधीची ही घटना आहे, आणि पुढच्या सगळ्या वादात याच तारखेला सर्वाधिक वजन आले.

त्यामागे एक कायदा आहे. १८६६ च्या संघीय खाणकायद्यातील एका ओळीने, कोणत्याही सार्वजनिक उपयोगासाठी राखून न ठेवलेल्या सरकारी जमिनीवरून रस्ते काढण्याचा हक्क खुला केला होता. ही तरतूद १९७६ मध्ये रद्द झाली, पण तोवर निर्माण झालेले हक्क कायम राहिले. त्यामुळे पश्चिम अमेरिकेतील अनेक काउंट्यांनी आपल्या जुन्या वाटांवर याच ओळीच्या आधारे दावा सांगितला आहे. रुबिकॉनच्या बाबतीत तो दावा भक्कम होता, कारण वनाचा दर्जा येण्याआधीचा ठराव होता, वापर अखंड होता आणि हॉटेलाचा इतिहास होता.

आजची ख्याती मात्र जीपची. ऑगस्ट १९५३ मध्ये जॉर्जटाउनच्या रहिवाशांनी गावाला चार पैसे मिळावेत या हेतूने ५५ जीपगाड्या आणि १५५ माणसांचा तांडा या वाटेवरून टाहोकडे नेला. मार्क स्मिथ हे या उपक्रमाच्या मुख्य संयोजकांपैकी एक होते. ‘जीपर्स जँबोरी’ नावाने ही मोहीम पुढे दरवर्षी होत राहिली, आणि वाटेची कठीणपणाची कीर्ती इतकी पसरली की जीप कंपनीने २००३ सालच्या रँगलर श्रेणीतील सर्वांत सक्षम गाडीला ‘रुबिकॉन’ हेच नाव दिले. मराठी वाचकांसाठी एक जवळचा धागा असा की २०२१ पासून याच नावाची रँगलर पुण्याजवळच्या रांजणगाव येथील कारखान्यात जोडली जाऊ लागली. बॉनेटवर ‘रुबिकॉन’ कोरलेली गाडी आपल्या रस्त्यांवर दिसते. ज्या वाटेचे ते नाव आहे, तिच्यावर काय गुदरले हे मात्र आपल्याकडे फारसे सांगितले गेलेले नाही.

नेमके बिघडले काय

ग्रॅनाइट झिजून तयार होणारी माती भरड आणि सुटी असते. तिच्यात चिकणमातीचा अंश कमी, त्यामुळे कण एकमेकांना धरून राहत नाहीत. उताराच्या वाटेवरून चाके वारंवार गेली की दोन चाकोऱ्या खोल होतात आणि मधला उंचवटा झिजतो, आणि काही वर्षांत वाट आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खाली जाते. एकदा वाट खाली गेली की उताराचे पाणी तिच्यात उतरते आणि बाहेर पडायला जागा उरत नाही. कोकणातली खोल पाणंद आषाढात जशी ओहोळ होऊन वाहते, तसाच हा प्रकार. फक्त येथे आषाढाऐवजी मे-जूनमध्ये वितळणारे बर्फ असते. पाण्याचा वेग वाढला की त्याची गाळ वाहून नेण्याची ताकद वेगाच्या प्रमाणापेक्षा कितीतरी अधिक वाढते, आणि शंभर मीटर सलग वाहिलेले पाणी दहा ठिकाणी बाहेर काढलेल्या पाण्यापेक्षा फार मोठे नुकसान करते. तो गाळ ओढ्यांत उतरतो, खडीतल्या फटी भरून टाकतो, आणि त्या फटींत अंडी घालणाऱ्या माशांची पैदास घटते.

येथे चालकाच्या हाताचाही भाग आहे. खडकाळ वाटेवर गाडी लो रेंज (संथ पण जोरकस) गिअरमध्ये, टायरमधील हवा कमी करून, चालण्याच्या गतीने नेली तर चाक खडकाला धरून वर चढते. घाईने ॲक्सिलरेटर दाबला की चाक जागच्या जागी फिरते आणि माती उडवते. एक चाक एका जागी काही क्षण फिरले तरी वितभर खड्डा पडतो, पुढचा चालक तो खड्डा टाळण्यासाठी कडेने जातो, आणि वाट रुंदावते. वाटेची झीज किती, हे ठरवण्यात वाहनांच्या संख्येइतकाच चालवण्याच्या पद्धतीचा हात असतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

गाळाखेरीज दोन गोष्टी होत्या. पहिली तेल. टोकदार खडकावर डिफरेंशियलचे (इंजिनची ताकद दोन्ही चाकांत वाटणाऱ्या दंतचक्रांच्या पेटीचे) आवरण किंवा इंजिनचा तेलाचा तसराळा आपटून फुटणे, गाडी कलंडल्यावर हवेच्या नळीतून तेल बाहेर येणे, ब्रेकची नळी तुटणे हे अशा वाटेवर नेहमीचे प्रकार आहेत. मातीवर सांडलेले तेल निदान थोडे शोषले जाते; उघड्या ग्रॅनाइटवर सांडलेले तेल पुढच्या पावसाने थेट डबक्यात किंवा तळ्यात जाते. दुसरी गोष्ट मानवी विष्ठा, आणि तिच्याबद्दल बोलायला सर्वांनाच संकोच वाटतो, म्हणून ती नेमकी सांगितली पाहिजे. वाटेजवळच्या स्पायडर लेक या तळ्याच्या परिसरात लोक मोठ्या संख्येने मुक्काम करत. तेथे कातळावर मातीचा थर इतका पातळ आहे की खड्डा खणून पुरणे शक्यच नाही. २००४ मध्ये काउंटीला सार्वजनिक आरोग्याच्या कारणावरून स्पायडर लेकजवळचा मुक्काम बंद करावा लागला. वाटेच्या पाठीराख्यांसाठी हा मोठा धक्का होता, कारण या वेळी गुन्हेगार म्हणून बोट दाखवायला कोणी बाहेरचा नव्हता.

आदेशाचा अर्थ

कॅलिफोर्नियाचा पाणीकायदा १९६९ साली पोर्टर-कोलोन कायदा म्हणून आकाराला आला. त्याचे कलम १३३०४ जलगुणवत्ता मंडळाला असा अधिकार देते की ज्याने दूषित द्रव्य पाण्यात सोडले किंवा सोडू दिले, त्याला ते निस्तरण्याचा आदेश देता येतो. ‘सोडू दिले’ हे शब्द या प्रकरणात निर्णायक ठरले. काउंटीने स्वतः तेल सांडलेले नव्हते, गाळही मुद्दाम लोटलेला नव्हता. पण रस्ता आपला आहे असे ती दशकानुदशके सांगत आली होती आणि त्या रस्त्याची देखभाल मात्र जवळजवळ केलेली नव्हती. रस्ता तुमचा, तर त्याच्या चाकोरीतून वाहणारे पाणीही तुमचे. वनसेवेचीही यातून सुटका नव्हती, कारण रस्त्याखालची आणि भोवतालची बरीचशी जमीन एल डोराडो राष्ट्रीय वनाची होती.

आदेशाने वाट बंद केली नाही. गाळ, तेल आणि विष्ठा या तीन गोष्टी त्याने नावानिशी मांडल्या आणि ओल्या मातीच्या काळातील संरक्षणाची योजना तसेच देखभालीची योजना सादर करण्याचे बंधन घातले. या मांडणीचे महत्त्व मोठे आहे. ‘निसर्गाची हानी’ या शब्दांवर दोन्ही बाजू अनंत काळ भांडू शकतात. ‘या ओढ्याच्या पात्रात या उतारावरून गाळ येतो’ या वाक्यावर भांडण्यापेक्षा फावडे उचलणे सोपे असते. बंदीची मागणी करणाऱ्या पर्यावरण संघटनांना हा आदेश अपुरा वाटला आणि अनेक चालकांना तो अन्याय वाटला. मला तो नेमका वाटतो, कारण प्रत्येक अटीचे पालन झाले की नाही हे जागेवर जाऊन पाहता येण्यासारखे होते.

ओल्या मातीच्या नियमाबद्दल थोडे थांबून सांगावेसे वाटते. जमीन पाण्याने पूर्ण भिजलेली असते तेव्हा तिच्या कणांमधली हवा जाऊन तेथे पाणी भरलेले असते. चाकाचे वजन पडले की ती दबत नाही, बाजूला सरकते, आणि चाकोरी पडते. तीच माती आठ-दहा दिवसांनी सुकली की तेच वजन फारसा व्रण न उमटवता सहन करते. याउलट भरपूर आणि घट्ट बर्फ असेल तर गाडी मातीला स्पर्शच करत नाही. म्हणून ‘हिवाळ्यात बंद, उन्हाळ्यात चालू’ असा कॅलेंडरचा नियम शास्त्राला धरून नाही. प्रश्न मातीच्या अवस्थेचा आहे. एल डोराडो काउंटीने स्वीकारलेल्या योजनेत माती भिजलेली असताना वाट तात्पुरती बंद करण्याची तरतूद आली, आणि माती सुकून घट्ट झाली की वाट पुन्हा खुली होऊ लागली. सह्याद्रीत आपल्या बहुतेक ऑफरोड सहली नेमक्या पावसाळ्यात निघतात, कारण चिखलात गाडी चालवणे हेच मुख्य आकर्षण मानले जाते. जांभ्या सड्यांवरचा मातीचा थरही असाच पातळ असतो आणि पावसाळ्यात त्याच्यावर वर्षातून एकदाच उगवणारी फुले असतात. रुबिकॉनच्या निकषाने पाहिले तर आपला हंगाम उलटा आहे, आणि हे आपल्याकडच्या गटांनी गांभीर्याने तपासावे असे मला वाटते.

प्रत्यक्ष काम

देखभालीचे काम दिसायला किरकोळ आणि करायला अतिशय चिकाटीचे होते. वाटेत ठरावीक अंतरावर आडवे, रुंद आणि उथळ चर व त्यांच्या कडेला बांध काढायचे, म्हणजे पाणी चाकोरीतून बाहेर पडते आणि गाडीला मात्र हलका हेलकावा बसून पुढे जाता येते. जेथे पाणी बाहेर पडते तेथे डबर रचून पिचिंग करायचे, नाहीतर तेथेच नवी घळ पडते. बाहेर काढलेले पाणी थेट ओढ्यात जाऊ नये म्हणून त्याच्या मार्गात गाळ साठवणारे लहान खड्डे ठेवायचे. ओढा ओलांडण्याच्या जागी पात्रात दगडी फरसबंदी करायची, आणि जेथे वाहतूक जास्त व पात्र नाजूक आहे तेथे सरळ पूल बांधायचा. एलिस क्रीकवर आणि अन्य काही ओलांडणीच्या जागी पूल आले, आणि त्यामुळे गाड्यांची चाके ओढ्याच्या पाण्यातून बाहेर आली.

पूल झाल्याने ट्रेलची मजा गेली अशी तक्रार तेव्हा ऐकू आली. ती मला पटत नाही. ओढ्यातून गाडी नेण्यात कौशल्य फार थोडे लागते आणि नुकसान मोठे होते; कातळ चढण्यात कौशल्य मोठे लागते आणि नुकसान त्यामानाने कमी. वाटेची कठीणता कातळांवर राखून ओढे सोडवणे हा शहाणा व्यवहार होता.

लिटल स्लूसची गोष्ट मात्र अधिक गुंतागुंतीची आहे आणि तिच्यावर या प्रकरणातले सर्वांत तीव्र मतभेद झाले. लिटल स्लूस हा वाटेवरचा एक अरुंद, घळीसारखा टप्पा. मूळचा तो कठीण होताच. पण आव्हान वाढावे म्हणून काही चालकांनी वर्षानुवर्षे त्यात मोठमोठे गोटे लोटले, आणि शेवटी साधारण गाडीला तो पार करणेच अशक्य झाले. परिणाम साखळीसारखे आले. ज्यांना आत जाता येत नव्हते त्यांनी बाजूने नव्या वाटा पाडल्या, आणि तेथे वनसेवेच्या जमिनीवरील माती उघडी पडली. आत गेलेल्यांच्या गाड्या तासन्‌तास अडकल्या, तेलाचे भाग फुटले, अडकलेली गाडी ओढणाऱ्या विंचच्या तारा झाडांना बांधल्या गेल्या. तमाशा पाहायला गर्दी जमली आणि गर्दी तेथेच मुक्कामाला राहिली. स्पायडर लेक येथून जवळच आहे. तेथील आरोग्याच्या प्रश्नाचा एक धागा या घळीत होता असे मला वाटते.

२०१२ मध्ये काउंटीने यंत्रे आणून लिटल स्लूसमधले काही मोठे गोटे फोडले. अनेक चालकांना हा वाटेच्या आत्म्यावरचा घाव वाटला, आणि त्यांच्या भावनेत खोटे काही नव्हते. कित्येकांनी तेथेच गाडी चालवण्याची कला शिकली होती. पण त्यांच्या युक्तिवादाला एक उणीव होती. जे गोटे फोडले गेले त्यांतील बरेच निसर्गाने ठेवलेले नव्हते, माणसांनी ढकललेले होते, आणि सार्वजनिक रस्त्यात कोणी गोटे टाकून तो अडवला तर तो मोकळा करणे हे रस्त्याच्या मालकाचे कामच असते. १८८७ च्या ठरावाचा आधार हवा असेल तर रस्ता रस्त्यासारखा वापरता येण्याजोगा असावा लागतो. ज्या गाडीत दोन्ही चाके एकत्र फिरवणारे कुलूपबंद डिफरेंशियल आणि प्रचंड टायर नाहीत तिलाही तेथून जाता आले पाहिजे. हा मुद्दा मान्य करायला काही वर्षे गेली, तरी तो बहुतेकांनी पुढे मान्य केला.

त्याच वर्षी वनसेवेने काउंटीला राष्ट्रीय वनाच्या जमिनीवरील रस्त्यासाठी रीतसर वहिवाटीचा हक्क देण्याचा आणि सोबत काही आडवाटा बंद करण्याचा, ओलांडणीच्या जागा सुधारण्याचा निर्णय घेतला. मुख्य वाट कोठून कोठवर आणि किती रुंद, हे यामुळे कागदावर आले. २००५ च्या संघीय नियमाने राष्ट्रीय वनांत मोटारवाहनांना केवळ नकाशावर दाखवलेल्या मार्गांवरच परवानगी दिली आहे, आणि त्याचे मूळ निक्सन यांच्या १९७२ च्या व कार्टर यांच्या १९७७ च्या अध्यक्षीय आदेशांत आहे. तेव्हापासून धोरणाची दिशा एकच राहिली आहे: मोकाट फिरणे संपवायचे आणि निश्चित वाटा टिकवायच्या. ज्या वाटेची निश्चिती झाली नाही ती हळूहळू नकाशावरून जाते. रुबिकॉन टिकली, यात या निश्चितीचा वाटा मोठा आहे.

माणसे आणि पैसा

या सगळ्या काळात चालकांनी काय केले, हा प्रकरणातला माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग आहे. ‘फ्रेंड्स ऑफ द रुबिकॉन’ हा स्वयंसेवकांचा गट २००१ मध्ये उभा राहिला आणि ‘रुबिकॉन ट्रेल फाउंडेशन’ त्यानंतर काही वर्षांतच. म्हणजे मंडळाचा आदेश येण्याच्या बऱ्याच आधीपासून काही जणांना अंदाज आला होता की मोर्चे आणि सह्यांच्या मोहिमा पुरेशा पडणार नाहीत. स्वयंसेवक आठवड्याच्या शेवटी दगड वाहायला जात, आडवे बांध काढत, पडलेली झाडे बाजूला करत. लून लेकच्या प्रवेशाजवळ माहितीकेंद्र उभारून तेथे येणाऱ्या प्रत्येक गाडीला विष्ठा साठवून परत नेण्याच्या पिशव्या आणि तेल शोषणाऱ्या कापडांचे संच दिले जाऊ लागले. एखाद्या अनोळखी चालकाला ‘या पिशवीत बसायचे आणि ती परत घरी न्यायची’ असे समजावून सांगणे हे काम मोर्च्यापेक्षा अवघड आहे. ते त्यांनी हंगामामागून हंगाम केले.

सांडलेल्या तेलाचेही तसेच. वाहन फुटले की प्रथम शोषक कापड खाली टाकायचे, मग दुरुस्तीला लागायचे, आणि भिजलेले कापड व त्याखालची माती पिशवीत भरून बाहेर न्यायची, ही सवय चालकांनी चालकांना लावली. पोलिसाने दंड करून ही सवय इतक्या लवकर लागली नसती असे मी मानतो, कारण त्या डोंगरात पोलीस क्वचितच दिसतात आणि सोबतची गाडी सदैव दिसते.

पैशाची बाजूही सांगितली पाहिजे, कारण तिच्याशिवाय पूल बांधता येत नाहीत. कॅलिफोर्नियाने १९७१ मध्ये ऑफ-हायवे वाहनांचा स्वतंत्र कायदा केला. तो दोन आमदारांच्या नावाने ओळखला जातो: चॅपी आणि झीबर्ग. यूजीन चॅपी हे त्याआधी एल डोराडो काउंटीच्याच पर्यवेक्षक मंडळाचे सदस्य होते आणि रिपब्लिकन पक्षाचे. एडविन झीबर्ग हे सॅक्रामेंटोचे डेमोक्रॅट आणि निसर्गरक्षणाच्या बाजूने बोलणारे. या जोडीने मांडलेली कल्पना साधी आणि दूरदृष्टीची होती: रस्त्याबाहेर चालणाऱ्या वाहनांची नोंदणी व्हावी, आणि त्या नोंदणीचे शुल्क तसेच अशा वाहनांनी जाळलेल्या इंधनावरच्या करातील हिस्सा एका निधीत जाऊन तो वाटांची देखभाल, जमिनीची पुनर्स्थापना आणि कायद्याची अंमलबजावणी यांसाठी वापरला जावा. २०१७ मध्ये हा कार्यक्रम कायमस्वरूपी करण्यात आला. रुबिकॉनवरच्या कामासाठी काउंटीने या राज्यनिधीची अनुदाने वापरली. महाराष्ट्रात अशा वाहनांकडून वाहनकर घेतला जातो, पण त्यांनी झिजवलेल्या डोंगरवाटेच्या दुरुस्तीशी त्या कराचा कोणताही थेट संबंध नाही. आणि वाटेची जबाबदारी वनविभाग, ग्रामपंचायत आणि महसूल विभाग यांच्यात विखुरलेली असते. एखाद्या सड्यावर चाकोऱ्या पडल्या तर ‘सोडू दिले’ म्हणून कोणाला जबाबदार धरायचे, हेच आपल्याकडे स्पष्ट होत नाही.

जे सुटलेले नाही

मातीचे पाणी हाताळण्यापलीकडचे काही प्रश्न रुबिकॉनवर उरले आहेत. पहिला वाहनांच्या स्वभावाचा. ही वाट जीपच्या संथ चालीवर घडली. शेजारी-शेजारी दोन माणसे बसतील अशा हलक्या, लांब स्प्रिंगच्या बग्ग्या त्याच वाटेवरून कितीतरी अधिक वेगाने जाऊ शकतात. वजन कमी असल्याने त्यांचा मातीवरचा दाब कमी, हे खरे. पण वेगामुळे वळणांवर आणि चढाच्या पायथ्याशी माती उडते, आणि संथ वाहनासाठी काढलेले आडवे बांध वेगवान वाहनाला उडी मारण्याच्या जागा वाटतात. तेथे बांधाची कड लवकर तुटते. या फरकाला अनुसरून बांधांची लांबी वाढवणे आणि चढउतार सौम्य करणे हा उपाय आहे, परंतु अरुंद घळीत तेवढी जागा नसते.

दुसरा प्रश्न वाटेच्या दोन टोकांचा. टाहोच्या बाजूचा भाग प्लेसर काउंटीत येतो आणि तेथील पाणी वेगळ्या विभागाच्या जलमंडळाच्या अखत्यारीत आहे. टाहो सरोवराच्या पाण्याच्या पारदर्शकतेबाबत तेथील यंत्रणा पराकोटीच्या दक्ष असतात आणि गाळाच्या प्रत्येक स्रोताकडे त्यांचे लक्ष असते. त्यामुळे एकाच सहलीत, डोंगराचा माथा ओलांडला की चालक एका नियमव्यवस्थेतून दुसऱ्या व्यवस्थेत जातो, आणि त्याला ते कळतही नाही. माथ्याच्या दोन्ही बाजूंना वाट एक असली तरी पाणलोट दोन आहेत.

तिसरा प्रश्न सर्वांत निरस आणि म्हणूनच सर्वांत धोक्याचा. पाणी बाहेर काढण्याच्या जागी ठेवलेले गाळाचे खड्डे दर वसंतात भरतात. भरलेला खड्डा पुढच्या वर्षी गाळ अडवत नाही, आणि त्यावरून उसळणारे पाणी साठलेला गाळही पुन्हा वाहून नेऊ शकते. म्हणून दर हंगामात खोदयंत्र डोंगरात नेऊन ते उपसावे लागतात, आणि उपसलेला गाळ पुन्हा उतारावर लोटता येत नसल्याने तो ओढ्यापासून दूर, सपाट जागी नेऊन पसरावा लागतो. पूल बांधला की त्याचे उद्घाटन होते आणि अनुदानाचा फलक लागतो. खड्डा उपसण्यासाठी कोणी फलक लावत नाही, आणि त्याचा खर्च मात्र वाट चालू असेपर्यंत दरवर्षी येत राहणार आहे.